परक्या भूमीवरची तालीम : उदयशंकर, लंडन ते पॅरिस

मराठीत ‘तालीम’ हा शब्द तीन ठिकाणी भेटतो. पहिलवान जेथे अंगाला माती लावतात तो आखाडा म्हणजे तालीम. गवई गुरूपुढे बसून जी विद्या कमावतो तीही तालीम. आणि नाटक रंगमंचावर येण्यापूर्वी नटमंडळी ज्या खटाटोपातून जातात, तिलाही आपण तालीमच म्हणतो. अरबी-फारसीतून आलेल्या या शब्दाच्या मुळाशी ‘शिकवणे’ हा अर्थ आहे. तिन्ही अर्थांना जोडणारी आणखी एक गोष्ट आहे. तालमीत जे घडते ते इतरांना दाखवण्यासाठी नसते. तेथे चुकण्याची मुभा असते, आणि म्हणूनच कोण कोणाला शिकवतो आहे, कोणाचा शब्द अखेरचा मानला जातो आहे, हे तेथे जितके उघड होते तितके प्रयोगात कधीच होत नाही.

कलेचा इतिहास मात्र प्रयोगांवरून लिहिला जातो. कार्यक्रमपत्रिका, वृत्तपत्रांतील परीक्षणे, छायाचित्रे ही सारी सामग्री पडदा वर गेल्यानंतरची असते. साहित्याच्या अभ्यासकाला निदान कच्चे खर्डे मिळतात; खोडलेली ओळ वाचून लेखकाच्या मनाचा माग काढता येतो. नृत्याच्या अभ्यासकाला ही सोय नाही. तालमीत टाकून दिलेली हालचाल शरीराबरोबरच विरून जाते. असे असले तरी काही कलावंतांच्या बाबतीत मूल्यमापनाचा खरा प्रश्न तालमीपाशीच सुटतो, प्रयोगापाशी सुटत नाही. आधुनिक भारतीय नृत्याचे प्रवर्तक उदयशंकर हे अशा कलावंतांपैकी एक होत. त्यांचे नृत्य ‘भारतीय’ कितपत होते, की युरोपच्या अभिरुचीसाठी युरोपात रचलेला तो एक देखावा होता, हा वाद जवळजवळ त्यांच्या पहिल्या यशाइतकाच जुना आहे. या वादाचा विचार करताना परदेशात सुरू झालेल्या दोन तालमी शेजारी ठेवून पाहाव्यात, असे मला वाटते. पहिली १९२३ मधील, लंडनची. दुसरी १९३०-३१ मधील, पॅरिसची. या दोहोंमध्ये जे अंतर पडले, तेच त्यांच्या कलेचे खरे चरित्र आहे.

उदयशंकर यांचा जन्म ८ डिसेंबर १९०० रोजी उदयपूर येथे झाला. घराणे बंगालचे, वडील श्यामशंकर हे संस्कृतचे विद्वान, झालावाड संस्थानच्या सेवेत होते. बालपणाचा काही काळ गाझीपूरजवळच्या नसरतपूर या आजोळच्या गावी गेला. तेथे मातादीन नावाच्या, अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातीतील एका नर्तकाचे नृत्य पाहून हा मुलगा भारावून गेला, ही आठवण त्यांच्या चरित्रकारांनी आवर्जून नोंदवली आहे. १९१८ मध्ये ते मुंबईस आले. सर जे. जे. कलाशाळेत चित्रकला आणि विष्णु दिगंबर पलुस्करांच्या गांधर्व महाविद्यालयात संगीत, असे त्यांचे तेथील शिक्षण. १९२० मध्ये ते लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. अजिंठ्याच्या चित्रांविषयी आस्था बाळगणारे चित्रकार विल्यम रोथेनस्टाइन हे त्या वेळी तेथील प्राचार्य होते, आणि आपल्या या विद्यार्थ्याने भारतीय कलेकडे पाठ फिरवू नये याविषयी ते दक्ष होते.

या तपशिलात एक गोष्ट नाही, आणि नेमकी तीच येथे महत्त्वाची आहे. उदयशंकर यांनी तोवर कोणत्याही नृत्यगुरूकडे रीतसर शिक्षण घेतलेले नव्हते. वडिलांनी लंडनमध्ये योजलेल्या कार्यक्रमांतून ते नाचत, ते स्मृतीच्या आणि चित्रकाराच्या नजरेच्या बळावर. गांधर्व महाविद्यालयाच्या शिक्षणातून ताल कानात रुजला होता, पण पायांना त्याची तालीम नव्हती.

अशा या बावीस वर्षांच्या विद्यार्थ्याला ॲना पाव्हलोव्हा यांनी बोलावून घेतले. पाव्हलोव्हा तेव्हा बेचाळीस वर्षांच्या होत्या आणि साऱ्या जगात बॅलेचे दुसरे नाव म्हणून ओळखल्या जात होत्या. १९२२-२३ च्या दौऱ्यात त्या जपान, भारत असा प्रवास करून आल्या होत्या. तो काळ भारतीय नृत्याला अनुकूल नव्हता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झालेल्या नाचविरोधी चळवळीमुळे देवदासी आणि नर्तकी यांची कला प्रतिष्ठित समाजाच्या नजरेआड गेली होती. भारतातून परतताना पाव्हलोव्हा यांच्या मनात अजिंठ्याची भित्तिचित्रे होती, याची साक्ष त्यांच्या त्याच वर्षीच्या एका बॅलेने दिली. रचना इव्हान क्लुस्टीन यांची, संगीत निकोलाय चेरेप्निन यांचे आणि विषय अजिंठ्याचा. म्हणजे भारत विषय म्हणून हाताशी होता. पण तो बॅलेच्या भाषेत सांगितला गेला. भारतीय शरीराला ठाऊक असलेली एखादी हालचाल पाव्हलोव्हा यांना हवी होती, आणि तिच्यासाठी त्यांनी उदयशंकर यांच्याकडे पाहिले.

दोघांच्या सहकार्यातून दोन रचना आकारास आल्या : ‘हिंदू विवाह’ आणि ‘कृष्ण-राधा’. जपानी नृत्यांच्या एका रचनेसह या दोन्ही ‘ओरिएंटल इम्प्रेशन्स’ या एकत्रित शीर्षकाखाली सप्टेंबर १९२३ मध्ये लंडनच्या कॉव्हेंट गार्डनमधील रॉयल ऑपेरा हाउसमध्ये सादर झाल्या. राधा पाव्हलोव्हा, कृष्ण उदयशंकर. संगीत कोमोलता बॅनर्जी यांचे, पाश्चात्त्य वाद्यवृंदासाठी बसवलेले.

विषयांची ही निवड बोलकी आहे. ज्याने नृत्याचे शास्त्र शिकलेले नाही त्याने तालमीत काय आणावे? विवाह हा कोणत्याही भारतीयाला पाहून आणि त्यात वावरून ठाऊक असणारा विधी आहे. वधूचे लाजणे, वराची मिरवणूक, माळ घालणे, अग्नीभोवती फिरणे, या साऱ्याची लय संस्कारांतून अंगात मुरलेली असते. ती शिकावी लागत नाही. राधाकृष्णाचे तसेच आहे. राजस्थानात वाढलेल्या चित्रकाराच्या डोळ्यांपुढे लघुचित्रांतील त्रिभंगी कृष्ण सदैव उभा असणार. म्हणजे उदयशंकर यांनी तालमीत आणले ते आपल्यापाशी जे खरोखर होते तेच. यात मला त्यांचा प्रामाणिकपणा दिसतो. न शिकलेल्या शास्त्राचा आव त्यांना आणता आला असता. लंडनमध्ये तो पारखणारे कितीसे होते?

तथापि या पहिल्या तालमीची मर्यादाही तेथेच दिसते. बॅलेचे शरीर भूमीपासून वर सुटू पाहते. पाठ ताठ, पाय लांबवलेले, सारा तोल पंजाच्या टोकावर. भारतीय नर्तनात गुडघे वाकतात, तळवा जमिनीवर सपाट पडतो आणि मान, डोळे, बोटे बोलतात. ज्या नर्तकींचे शरीर लहानपणापासून पहिल्या रीतीने घडले, त्यांनी काही आठवड्यांत दुसरी रीत आत्मसात करावी हे शक्य नव्हते. त्यांना एखाद्या मुद्रेचे बाह्यरूप देता येत होते. संगीताची अडचण त्याहून खोल होती. बॅलेच्या तालमीत पियानोच्या साथीने मात्रा मोजत नाचायचे, ही रूढ पद्धत. स्वरलिपीत बांधलेले संगीत आधी ठरलेले असते आणि नर्तक त्यात स्वतःला बसवतो. ठेका धरणारा तबलजी समोर बसला आहे, नर्तकाच्या डोळ्यांत पाहून समेची वाट पाहतो आहे, ही आपल्याकडची घरगुती गोष्ट त्या तालमीत नव्हती. विषय भारताचा, पण तालमीची जागा, काळ मोजण्याची रीत आणि मंडळी ही सारी दुसऱ्याची, असा तो व्यवहार होता. उदयशंकर त्यात सन्मान्य पाहुणे होते.

हे पाहुणेपण १९२३-२४ च्या अमेरिकन दौऱ्यापर्यंत टिकले. दौऱ्यानंतर ते मंडळीतून बाहेर पडले. त्यांनी पाश्चात्त्य बॅले शिकू नये, आपल्याच देशाच्या नृत्याचा शोध घ्यावा, असा पाव्हलोव्हा यांचा आग्रह होता. याच दशकाच्या अखेरीस मद्रासच्या रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनाही पाव्हलोव्हा यांनी याच दिशेने वळवले. रुक्मिणीदेवी तेव्हा त्यांच्या मंडळीतील क्लिओ नोर्दी यांच्याकडे बॅले शिकत होत्या. डिसेंबर १९३५ मध्ये अड्यार येथे रुक्मिणीदेवींनी भरतनाट्यम् सादर केले आणि त्या नृत्याच्या पुनःस्थापनेचा एक नवा अध्याय सुरू झाला. एकाच परकीय नर्तकीच्या प्रेरणेने दोन भारतीय कलावंत दोन वाटांनी घराकडे परतले, ही घटना आपल्या सांस्कृतिक इतिहासात पुरेशी विचारात घेतली गेलेली नाही.

उदयशंकर यांची वाट लांबची होती. पुढील काही वर्षे त्यांनी मुख्यतः पॅरिसमध्ये काढली, आणि ती विपन्नावस्थेची होती. निशागृहांतून नाचून पोट भरावे लागले. याच काळात सिमोन बार्बिए ही फ्रेंच तरुणी त्यांची शिष्या आणि नृत्यातील सहचरी झाली. रंगमंचावरील तिचे नाव सिमकी. १९२६ मध्ये झ्यूरिक येथे स्विस शिल्पकार ॲलिस बोनर यांनी उदयशंकर यांचे नृत्य पाहिले. पुढे १९२९ मध्ये पॅरिसला पुन्हा गाठ पडली. १९३० च्या आरंभी दोघे भारतात आले. मंदिरे, लेणी, संस्थानी दरबार, लोकनृत्ये आणि केरळातील कथकळी असा हा प्रवास होता. नृत्यासाठी वाद्ये, वस्त्रे, अलंकार जमवले गेले; आणि मुख्य म्हणजे माणसे जमवली गेली.

१९३० च्या उत्तरार्धात जी मंडळी पॅरिसला पोहोचली, तिला नृत्यपथक म्हणावे की एकत्र कुटुंब, असा प्रश्न पडतो. आई हेमांगिनीदेवी, राजेंद्र, देवेंद्र आणि रवींद्र हे भाऊ, काका केदारशंकर, चुलत बहीण कनकलता. धाकटा रवींद्र अवघा दहा वर्षांचा होता. पुढे साऱ्या जगाने त्याला रविशंकर म्हणून ओळखले. यांतील बहुतेकांना नृत्याची पूर्वतयारी नव्हती. संगीताची धुरा अल्लाउद्दीन खाँ यांचे शिष्य सरोदवादक तिमिर बरन यांच्याकडे होती. त्यांच्या जोडीला विष्णुदास शिराळी होते. हुबळीला जन्मलेले शिराळी हे पलुस्करांचे शिष्य. ज्या गांधर्व महाविद्यालयात उदयशंकर यांनी विद्यार्थी म्हणून पाय ठेवला होता, त्याच परंपरेतील एक वादक पॅरिसच्या तालमीत त्यांच्याशेजारी बसला, याची मराठी वाचकाने नोंद घ्यावी. पलुस्करांनी संगीताला वर्गात आणले, अनेकांना एका वेळी शिकवण्याची शिस्त घालून दिली. या शिस्तीतून आलेल्या शिराळींना पंधरा-वीस जणांचे गायन-वादन-नर्तन एका लयीत बांधणे परके वाटले नसणार.

पॅरिसच्या परिसरातील घरात ही तालीम सुरू झाली. शहर परके, थंडी परकी, रस्त्यावरची भाषा परकी. पण घरात बंगाली बोलणे, भारतीय स्वयंपाक आणि दिवसभर वाद्यांचा आवाज. १९२३ ची तालीम आणि ही तालीम यांतील फरक मला तीन बाबतींत मूलभूत वाटतो.

पहिली बाब संगीताची. उदयशंकर यांची पद्धत अशी की हालचाल आधी रचली जाई आणि संगीत तिच्याबरोबर, तिला पाहून आकार घेई. वादक तालमीत प्रत्यक्ष बसलेले असल्यावाचून हे अशक्य होते. पाश्चात्त्य वाद्यवृंद गेला, त्याच्या जागी सरोद, सितार, बासरी, तबला, मृदंग आणि नाना प्रकारची घन व चर्मवाद्ये आली, आणि वादक रंगमंचावर प्रेक्षकांच्या समोर बसले. हा केवळ नेपथ्याचा बदल नव्हता. काळ मोजण्याचा अधिकार आता नर्तक आणि वादक यांच्या हाती आला होता.

दुसरी बाब शरीराची. लंडनमध्ये आधीच घडलेल्या शरीरांवर भारतीय आकृती चढवावी लागली. पॅरिसमधील शरीरे कोरी होती. त्यामुळे उदयशंकर यांना चालण्यापासून, हात उचलण्यापासून आरंभ करावा लागला, आणि यातूनच त्यांची स्वतःची अशी एक नृत्यभाषा घडली. ती कथकळी नव्हती, भरतनाट्यम् नव्हती, कथकही नव्हती. तिच्यात शिल्पांतील भंग होते, लोकनृत्यांची पावले होती आणि चित्रकाराची समूहरचना होती. सिमकीच्या बाबतीत तर हा प्रयोग उलट दिशेने यशस्वी झाला. फ्रेंच शरीराने ही भाषा अशी आत्मसात केली की प्रेक्षक तिला भारतीय समजत. बॅलेच्या नर्तकींना काही आठवड्यांत जे साधले नव्हते ते हिला वर्षांच्या तालमीने साधले. तेव्हा प्रश्न जन्माचा नव्हता, तालमीच्या मुदतीचा होता.

तिसरी बाब अधिकाराची. पॅरिसच्या तालमीतही परकीय सहकार्य होतेच. ॲलिस बोनर यांचा पैसा, त्यांची शिल्पकाराची दृष्टी आणि व्यवस्थापनाची मेहनत यांवाचून ही मंडळी उभी राहिली नसती. पण येथे यजमान कोण आणि पाहुणा कोण याची अदलाबदल झाली होती. भूमी युरोपची, घर मात्र भारतीय.

२३ जानेवारी १९३१ रोजी पाव्हलोव्हा यांचे हेग येथे निधन झाले. त्यांनी ज्या शोधासाठी या तरुणाला परत पाठवले होते, त्याचे फळ पाहण्यास त्या उरल्या नाहीत. अवघ्या सहा आठवड्यांच्या आत, ३ मार्च १९३१ रोजी, पॅरिसच्या शाँझेलिझे नाट्यगृहात उदयशंकर यांच्या मंडळीचा पहिला प्रयोग झाला. पुढील वर्षांत मंडळीने युरोप आणि अमेरिका पालथी घातली. १९३१ मध्येच पॅरिसच्या वसाहत-प्रदर्शनासाठी वडिलांबरोबर आलेली अमला नंदी ही अकरा वर्षांची मुलगी या कुटुंबात येऊन मिळाली. पुढे ती अमलाशंकर झाली आणि २०२० मध्ये निधन पावेपर्यंत त्या तालमीची एक जिवंत साक्ष राहिली.

आता मूळ वादाकडे वळावयास हरकत नाही. शास्त्रीय नृत्याच्या पुरस्कर्त्यांचा आक्षेप असा की उदयशंकर यांच्या नृत्याला परंपरेचे मूळ नव्हते. युरोपला हवा असलेला गूढ, अलंकृत पूर्वदेश त्यांनी पुरवला. एडवर्ड सैद यांच्या १९७८ मधील ग्रंथानंतर या आक्षेपाला नवी परिभाषा लाभली. ‘ओरिएंटल इम्प्रेशन्स’ हे शीर्षकच त्या दृष्टीने पुरेसे दोषास्पद आहे, आणि १९२३ च्या प्रयोगाविषयी हा आक्षेप बऱ्याच अंशी खरा मानावा लागेल. पण तोच निष्कर्ष १९३१ ला लावणे म्हणजे तालमींतील सात-आठ वर्षांचे अंतर पुसून टाकणे होय. शिवाय ज्याला आपण विशुद्ध परंपरा म्हणतो, ती तरी या काळात अस्पर्श होती काय? भरतनाट्यम्‌चे नावही याच दशकात रूढ झाले. त्याचा रंगमंच, वेशभूषा आणि प्रेक्षकवर्ग नव्याने घडवला गेला. ज्या देवदासींनी ती विद्या जपली त्यांच्या हातून ती सुटली, याचा हिशेब आपण अजून पुरता मांडलेला नाही. पुनर्रचना दोन्हीकडे होती. एकीने तिला पुनरुज्जीवन म्हटले, दुसरीने सर्जन म्हटले. दुसरीचा उच्चार मला अधिक प्रांजळ वाटतो.

मात्र उदयशंकर यांच्या पक्षालाही एक ऋण मान्य करावे लागेल. सहकार्याच्या इतिहासात एकाचे नाव मोठ्या अक्षरांत छापले जाते आणि बाकीची नावे कार्यक्रमपत्रिकेच्या तळाशी जातात. कोमोलता बॅनर्जी यांचे संगीत आज कितीजणांना आठवते? सिमकी पुढे अल्मोड्याच्या केंद्रात शिकवू लागल्या. १९५१ च्या ‘आवारा’ चित्रपटातील गाजलेल्या स्वप्नदृश्याच्या नृत्यरचनेत त्यांचा हात होता, हे ते दृश्य वारंवार पाहणाऱ्यांनाही ठाऊक नसते. शिराळींनी तिमिर बरन यांच्यानंतर मंडळीचे संगीत सांभाळले आणि १९४८ च्या ‘कल्पना’ या उदयशंकर यांच्या एकमेव चित्रपटाला संगीत दिले. मराठी संगीतचर्चेत त्यांचा उल्लेख क्वचितच येतो. ॲलिस बोनर १९३६ पासून वाराणसीस राहिल्या आणि मंदिरशिल्पांच्या रचनातत्त्वांवर त्यांनी ग्रंथ लिहिला, पण नृत्याच्या इतिहासात त्यांना ‘साहाय्य करणारी परदेशी स्त्री’ एवढेच स्थान मिळाले. मातादीन तर नावापुरताच उरला. तालमीचा इतिहास लिहावा तो याचसाठी; प्रयोगाच्या इतिहासात ही माणसे मावत नाहीत.

या कथेचा उत्तरार्ध मायदेशीचा आहे. १९३९ च्या सुमारास अल्मोड्याजवळ सिमतोला येथे उदयशंकर यांनी संस्कृतिकेंद्र उभारले. शंकरन् नंबुद्री, कंदप्पा पिळ्ळै, अमोबी सिंह आणि अल्लाउद्दीन खाँ असे गुरुजन तेथे एकत्र आले. पॅरिसच्या घरात जे अपुऱ्या साधनांनी चालले होते, त्याला आता स्वतःची भूमी आणि परंपरेचे थोर आचार्य लाभले होते. तरीही युद्धकाळात, पाचएक वर्षांतच, केंद्र बंद पडले. शांती बर्धन, नरेंद्र शर्मा, सचिनशंकर, गुरुदत्त, झोहरा सेहगल अशी माणसे तेथून बाहेर पडली आणि त्यांनी नृत्य, रंगभूमी व चित्रपट यांत आपापली वाट काढली. बर्धन यांनी १९५२ मध्ये मुंबईत लिटल बॅले ट्रूपची स्थापना केली. केंद्र मोडले, पण एकत्र तालीम करण्याची रीत या माणसांबरोबर पसरली.

‘कल्पना’ची जीर्णोद्धारित प्रत २०१२ मध्ये कान महोत्सवात दाखवली गेली. हिमालयात कलाकेंद्र उभारू पाहणाऱ्या एका नर्तकाची ती कथा आहे. तिच्यातील समूहनृत्ये पाहताना मला प्रयोगापेक्षा त्यामागची तालीमच अधिक जाणवते : एका लयीत उचलले जाणारे अनेक हात, आणि कोणा एकाच्या इशाऱ्याची नव्हे तर परस्परांच्या श्वासाची वाट पाहणारी शरीरे. १९२३ मध्ये लंडनला उदयशंकर यांच्यापाशी एका विवाहाची स्मृती आणि कृष्णाचे एक चित्र एवढेच भांडवल होते. त्यावर ते आयुष्यभर व्यापार करू शकले असते. त्याऐवजी ते परत आले, माणसे गोळा केली आणि परक्या शहरात पुन्हा पहिल्या पावलापासून शिकवू लागले, शिकू लागले. परंपरा कोणाच्या मालकीची, या प्रश्नाला त्यांनी लेखी उत्तर दिले नाही. पॅरिसच्या त्या घरातील तालीम हेच त्यांचे उत्तर होते.